गिरणीची भिंत

प्रिय वेंडेल,

पूर ओसरला. बाबा आणि मी सुखरूप आहोत. ॲशव्हिलचा वरचा, डोंगराकडचा भाग वाचला, पण नदीकाठची चित्रकारांची वस्ती गाळाखाली गेली. तू रंगवलेली गिरणीची भिंतही.

बाबा त्या भिंतीकडे कधी फिरकले नाहीत, तुला माहीतच आहे. ज्या कापडगिरणीत त्यांनी उमेदीची वर्षं काम केलं, ती बंद पडल्यावर तिच्यात तुम्ही रंगवाले घुसलात, हा राग तू शहर सोडलंस तरी त्यांनी सोडला नाही. पण परवा गल्लीतले लोक भिंत धुवायला निघाले, तर बाबा बादली घेऊन आधीच गाडीत बसलेले!

"गिरणी धुवायला चाललोय, चित्र नाही," मला म्हणाले.

गाळ निघत गेला तसा एकेक चेहरा दिसू लागला. सगळे जुने कामगार. बाबा त्यांची नावं घेत होते. मग मागावर बसलेला एक तरुण दिसला आणि त्यांचा हात थांबला.

"लोरीन, हा मी आहे?"

"तुम्हीच की."

"नाक केवढं काढलंय गाढवाने!" म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. नंतर स्वतःच्या रुमालाने, हलक्या हाताने, तो चेहरा पुसत राहिले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. "त्याला मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस," अशी तंबी मिळाली आहे. आत्ता ते ओसरीवर फोन कानाला लावून उभे आहेत आणि उगाच खाकरतायत.

"वेंडेल? मी... अरे, तुझा बाप बोलतोय."

तुझी बहीण,
लोरीन