वास येतो का?

९ सप्टेंबर, मंगळवार

मुरबाडहून एसटी लवकर मिळाली. सापगावला घरी न उतरता तशीच शहापूरला, नवऱ्याच्या, विलासच्या गॅरेजवर. दिनकरभाऊंच्या जुन्या पद्मिनी गाडीत नवं इंजेक्शनचं इंजिन बसवायचं काम चालू आहे. पेट्रोलची टाकी डिकीतून काढून बाकावर ठेवलेली. नव्या इंजिनाला उरलेलं पेट्रोल टाकीत परत सोडणारी नळी लागते. जुन्या टाकीला ती नसते, म्हणून भोक पाडून वेल्डिंग. वि.ने टाकी धुतली, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला, वेल्डरला म्हणाला, "साफ हाय. लाव."

मी दारात होते. मला तिथूनच पेट्रोलचा वास आला. ओरडलेच.

वेल्डर बिचारा पांढरा पडला. "विलासशेठ बोलले साफ हाय म्हणून..."

वि. हसला. "मास्तरीणबाईंना लांबून पन वास येतो." पण टाकी पुन्हा धुतली.

रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. रसायनशास्त्राच्या तासाला दरवर्षी हे मुलांना सांगते. सांगणं निराळं आणि...

१० सप्टेंबर

डोक्यातून जात नाही. शहापुरात त्याला सगळे 'नाक्या' म्हणतात. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलंय का, हे बोट बुडवून, हुंगून सांगतो. लोक पंपावरून बाटली भरून थेट त्याच्याकडे येतात. त्याच माणसाला ती टाकी साफ कशी वाटली? की माझंच चुकलं?

१३ सप्टेंबर, शनिवार

आज एक वाईट गोष्ट केली. वि. ओट्याशेजारी खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. मुद्दाम दूध करपू दिलं. घरभर वास. त्याने मान वर केली नाही. मी पातेलं उचललं तेव्हा धूर बघून म्हणाला, "गो, दूध!"

धूर बघून.

नवऱ्याला न सांगता त्याच्यावर प्रयोग. वर्गातल्या मुलांना आधी विचारल्याशिवाय साधी परीक्षानळीही हुंगायला देत नाही मी.

१५ सप्टेंबर

त्याला कळलंच. कापसावर निलगिरीचं तेल घालून त्याच्या रुमालात ठेवलं होतं, ते हाताला लागलं.

"माझी परीक्षा घेतेस गो?"

मग तोच बोलला. ताप आला होता त्या वर्षापासून कमी होत गेलं. आता कायच नाय. फोडणी नाय, घाम नाय, पेट्रोल नाय.

"मग गॅरेजात वाकून वास घेतोस तो?"

"वाकतो. लोकांना बघायची सवय हाय."

इतके दिवस नुसता वाकतोय. आणि लोक गाड्या घेऊन जातायत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कल्याणला डॉक्टर. त्यांनी नाक कमीच बघितलं. चालायला लावलं, बोटं झटपट आपटायला लावली, नाव लिहायला लावलं. मला विचारलं, झोपेत ओरडतात का? हातपाय झाडतात? म्हटलं, हो, वर्षभर. मला वाटायचं कामाचा ताण. डॉक्टर त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. मीही बघितलं. रोज बघते तोच अंगठा. तो हलत होता.

वास जाणं तापामुळेही असेल, म्हणाले. कंपवाताची सुरुवातही असू शकते. आत्ता सांगता येत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

परतताना वि. एवढंच बोलला, "गाडी दिल्याबिगर कुठं जायचं नाय."

२४ सप्टेंबर, बुधवार

इंजिन बसलं. वि.ने मला बॉनेटखाली उभं करून समजावलं. जुना कार्बोरेटरवाला पंप घोट घोट पेट्रोल ओढायचा. जोड सैल असला की थेंब खाली पडायचा, जमिनीवर डाग दिसायचा. नवा पंप टाकीतून दाबाने ढकलतो. बारीक भेग असली तर धुक्यासारखा फवारा उडतो आणि गरम इंजिनावर विरून जातो. डाग पडत नाही. फक्त वास येतो.

हे सांगून त्याने फडक्याला हात पुसले.

"तू येत जा रोज," म्हणाला. "तू घे वास. पन दिनकरभाऊला कळता नये. नाक्याचं नाक गेलं कळलं, तर कोण येल माझ्याकडं?"

मी हो म्हटलं. किती पटकन म्हटलं!

आजच फिल्टरजवळ वास सापडला. तिथे तात्पुरता जुन्या जातीचा मऊ पाइप घातला होता, क्लिप त्यात रुतलेली. त्याने दाब सोसणारा जाड पाइप घातला. वास गेला. "दोगं मिळून एक मिस्त्री," म्हणाला. हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी.

३० सप्टेंबर

दिनकरभाऊ धसईहून नातींना घेऊन आले. ही गाडी त्यांनी तरुणपणी मुंबईत टॅक्सी म्हणून चालवली. पोरी मागच्या सीटवर उड्या मारत होत्या. सीटच्या मागे लगेच डिकी. डिकीत टाकी.

"वैनी, नाक्यानं वास घेतला ना, की मी डोळं मिटून चालवीन!"

"डोळं उघडं ठेवा, भाऊ," वि. म्हणाला. सगळे हसले.

आजार वि.चा आहे, तो कुणाला सांगायचा हे त्याने ठरवायचं. पण पोरी त्याच्या नाहीत. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मिळून काय करायचं ते कळत नाही. दाब मोजायचं गेज आणू म्हटलं, कुठे गळत असलं तर काटा उतरतो. म्हणे, कल्याणवाला दसऱ्यानंतर देईल. "आन् तू हाईस ना?"

मी म्हणजे काही यंत्र नव्हे. दोन दिवस सर्दी झाली तर?

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दिनकरभाऊंची बायको निरांजन लावलेलं ताट घेऊन उभी. इंजिन चालू करूनच ओवाळायचं, अशी त्यांच्याकडे पद्धत. बॉनेट उघडं, नाती मागच्या सीटवर.

"नाक्या, घे शेवटचा वास. मग ओवाळते."

वि. वाकला. डोळे मिटले, नेहमीसारखे. छान वाकतो तो. "साफ हाय," म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

झेंडू, उदबत्ती, तेल, आणि त्यांच्या खाली काहीतरी. एकदाच. पुन्हा श्वास घेतला तर नाही. ती निरांजन घेऊन पुढे झाली.

"ताट मागे घ्या. अहो, गाडी बंद करा."

दिनकरभाऊ : "वैनी, नाक्या बोलतोय ना साफ हाय!"

"त्यांना वास येत नाही."

कोणीतरी हसलं, गंमत समजून. दिनकरभाऊ हसले नाहीत. ते वि.कडे बघत राहिले. वि.ने चावी फिरवून इंजिन बंद केलं. नातींना हात धरून खाली उतरवलं, स्वतः.

४ ऑक्टोबर, शनिवार

बोलत नाही. डबा नेतो, डबा आणतो. काल दोन गाड्या आल्या होत्या, बाहेरच्या बाहेर परत गेल्या, असं शेजारचा पंक्चरवाला म्हणाला.

दसऱ्याला वास होता का? परवापासून स्वतःला विचारतेय. होता, असं शपथेवर सांगता येणार नाही. नव्हता, असंही नाही. घाबरले म्हणून आला असेल. नसता आला, तर मी बोलले असते का? हा प्रश्न त्याहून वाईट.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी गॅरेजवर गेले. गेज आलेलं नाही. तो एकटाच पद्मिनीचं इंजिन चालू करून बसला होता. प्रत्येक जोडावर पांढऱ्या कागदाचा तुकडा दाबायचा, काढायचा, दारापर्यंत नेऊन उजेडात बघायचा. ओल दिसते का. अंगठ्याबरोबर कागदही हलत होता. मला वास घ्यायला सांगितलं नाही. मीही पुढे झाले नाही.

पण गरम इंजिनावरून दारापर्यंत जाईतो कागदावरचं पेट्रोल उडून जातं. ओल असली तरी राहत नाही.

त्याने कागद उजेडात धरला. "कोरडा," म्हणाला. मला की स्वतःला, कळलं नाही.