भूरीचा रेकॉर्ड

२० जाने.
सिमरोल गावची अंगणवाडी. सात मुलांचं ब्रेन रेकॉर्डिंग ठरलेलं, झालं दोघांचं. दहादा सांगूनही आया डोकी तेलाने चोपडून आणतात, मग सेन्सरची टोपी बसत नाही. पोरांना शाम्पू करायला एम.एस्सी. केलं का मी?
भूरी (वय ५) मात्र शहाण्यासारखी बसली. चित्रं दाखवली की सिग्नल मस्त. आवाज ऐकवले की काहीच नाही. वायर बदलली, स्पीकर बदलला. शून्य.
अंगणवाडीची रेखादीदी म्हणे, "रहने दो मैडम, ये किसी की सुनती ही नहीं."

२१ जाने.
बसमध्ये तेच वाक्य डोक्यात. सुनती नहीं…
आज भूरीच्या मागे जाऊन ताट आपटलं. बाकी पोरं दचकली. ही रंगवतच बसली.

२३ जाने.
प्रोजेक्टचे सर : "रेकॉर्ड खराब है, निकाल दो." म्हटलं, सर, रेकॉर्ड ठीक आहे, तिला ऐकू येत नसेल. "हम डॉक्टर नहीं हैं. फॉर्म में साफ लिखा है, घर पर रिजल्ट नहीं बताएंगे."
गावातली मुलं मागे का पडतात, हे शोधायचं. सापडलं तर गप्प बसायचं. धन्य!

२७ जाने.
सांगून टाकलं. भूरीची आई, संतोषबाई, आमच्या इन्स्टिट्यूटच्या कॅम्पसवर झाडू मारते, तिथेच गाठली. सगळं ऐकलं तिने. मग : "टोपी तमने पेराई. पेलां तो म्हारी छोरी सुणती थी."
म्हणजे टोपी घालून पोरीचे कान मीच घालवले!

२९ जाने.
गावभर झालं, टोपीने कान जातात. आज एकही मूल आलं नाही. सरांचे चार फोन. "किसने कहा था बोलने को?" माझी आई म्हणते, नोकरी सांभाळ. रेखादीदी बोलत नाही. म्हणजे दोष माझाच!
आणि टोपीआधीचा रेकॉर्ड माझ्याकडे तरी कुठे आहे…

३ फेब्रु.
शहरातलं, पलासियाचं क्लिनिक. कानाच्या तपासणीचा नंबर मीच लावलेला. भूरीच्या घरी दोनदा जाऊन निरोप ठेवला होता, तरी संतोषबाई येईल वाटलं नव्हतं. आली. कामाचा खाडा करून. भूरीला नवा फ्रॉक. माझ्यापासून लांबच्या बाकावर बसली.
भूरीला आत नेलं, दार लागलं.  मग संतोषबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पेलां से नी सुणती होती, तो म्हारे मालम क्यों नी पड़ी?"
आई असून कळलं कसं नाही, हे ती आता स्वतःलाच विचारत होती. दार अजून बंद.