त्यांच्या ताटातलं औषध

सोमवार, ६ तारीख
ह्यांना आज मनोरुग्णालयात भरती केलं. डोळे तपासायचेत म्हणून रिक्षात घातलं. आधी देवापुढे हात जोडले होते, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप लागायचं नाही. दारावरची पाटी वाचून हे माघारी वळले. म्हणजे डोळे शाबूत आहेत. मग दोन वॉर्डबॉयनी दाबून धरलं, नर्सने इंजेक्शन दिलं. मेली आडदांड माणसं.

मी तरी काय करणार? चार दिवस माझ्या हातच्या अन्नाला शिवले नव्हते. भाजी कडू लागते, तू काहीतरी घालतेस, हे तुणतुणं दोन वर्षं चालू आहे. जुन्या डॉक्टरांना दरवेळी सांगितलं, त्यांनी दरवेळी डोस वाढवला.

निश्चय: ह्यांना ठणठणीत करून पुन्हा माझ्या हातचं जेवू घालणे.

बुधवार, ८ तारीख
डबा घेऊन गेले. डबा बघताच ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथलं पाणचट मात्र ताट पुसून खातात. कँटीनचा चहा महाग आणि वर कोमट. पुन्हा घेणार नाही.

नर्स ह्यांना गोळी दाखवते, नाव सांगते, कशासाठी ते सांगते, आणि विचारते, घेणार ना काका? वेड्याची परवानगी काढणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. हे घेतातही. मला खिजवायला घेत असणार.

वन्संचा फोन. म्हणाल्या, वहिनी, दादाला फसवून नेलंत म्हणे. म्हटलं, तुम्ही खरं बोलून न्यायचं होतं.

शुक्रवार, १० तारीख
डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. पोरगेलीशीच आहे. विचारते, घरी औषध घ्यायला तयार असायचे का? म्हटलं, तयार कसले. जुने डॉक्टर गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात देऊन मोकळे. मीच कुटून भाजीत घालायची. दोन वर्षांत एक दिवस चुकले नाही. खर्चसुद्धा मीठ-मसाल्यात धरते.

कौतुकाचे दोन शब्द येतील असं वाटलं. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी खोडलं. म्हणाल्या, म्हणजे भाजी खरंच कडू होती. म्हटलं, होती, पण ते त्यांना कसं कळणार? ते आजारी आहेत ना.

म्हणाल्या, हे त्यांना सांगावं लागेल. मी विनवलं, नका हो, उगाच संशय बळावेल. ऐकते कोण. माझ्यासमोरच सांगितलं. हे ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, दुधातही? म्हटलं, छे, मला दुधाची चव बिघडवायला आवडत नाही.

बुधवार, १५ तारीख
एक मुलगी फॉर्म घेऊन आली. पेशंट समाधानी आहे का, याची चौकशी. मी पेन काढून बसले. मॅट्रिकला माझ्या अक्षराला बक्षीस होतं. ती म्हणाली, काकू, त्यांनाच सांगू द्या. इथल्या वागणुकीबद्दल समाधानी आहात का? हे म्हणाले, आहे. पहिल्या दिवशी दोघांनी दाबून धरलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तरी समाधानी!

जबरदस्ती झाली का? तर म्हणे, इथली विचारताय की घरची? इथे दांडगाई झाली, पण तोंडावर झाली. दुसऱ्या दिवशी त्या दोघांतला एक पोरगा सांगायलाही आला, काका, काल धरावं लागलं, दुखलं का? मुलीने शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं, आता घरी जाणार की बहिणीकडे? नवरा माझा, आणि विचारायचं त्याला. हे म्हणाले, घरी जाऊन बघतो, एकदा.

एकदा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. घरी म्हणाले ना, झालं तर. माझीच सरशी.

शनिवार, १८ तारीख
आले घरी. गोळी स्वतः घेणार, जेवणात काही घालायचं नाही, अशी अट. देवापुढे शपथ घ्यायला लावली. घेतली. मनात ‘आजच्यापुरती’ म्हटलं. देवाला मनातलंही ऐकू येतं.

सोमवार, २० तारीख, संध्याकाळी
गोळी माझ्यासमोर घेतात खरे. पण स्वतःहून घेतलेल्या औषधाचा काय भरवसा? शिवाय जुन्या पाकिटातल्या काही उरल्या होत्या, टाकवेनात. दोनच कुटल्या. दुपारच्या भाजीत साखर सढळ हाताने घातली.

हे ताटाकडे बघत राहिले. मग माझं ताट स्वतःकडे ओढलं, त्यांचं माझ्यापुढे सारलं. जेव, म्हणाले. अन्नाला नाही म्हणू नये. जेवले.

दुपारचा जप चुकला. डोळे उघडले तेव्हा तोंडाला कोरड, आणि समोर खुर्चीत वन्सं. ह्यांची बॅग दारात. हे म्हणाले, तुझ्यापुरता भात टाकलाय, उठून खा. वन्संनी बॅग उचलली. गेले दोघं.

दोनदा फोन केला. उचलत नाहीत.

ह्यांनी टाकलेला भात ताटात वाढून ठेवलाय. भूक सडकून लागली आहे. पण नवरा जेवल्याचं कळल्याशिवाय आपण कसं जेवायचं? एक घास मांजरीला घातला, भूतदया म्हणून. मांजर अजून तरी ठीक आहे. थोडं थांबते.