सरावाचा पेशंट

३ फेब्रुवारी

नापास! सराव परीक्षेत का होईना, पण नापास. या वयात! पडद्यावरची लाल अक्षरं पाहून गणिताच्या पेपरावरचा जुना लाल शेरा आठवला.

सून म्हणाली, "बाबा, सरावच आहे हो. खरी परीक्षा वीस तारखेला आहे." तीच तर भीती! वीस तारखेला गाडी अडली, तर नव्या नियमाप्रमाणे आहारसल्लागार म्हणून माझी नोंदणी संपली. मग पाटीवरचं माझं नाव उतरवायचं, आणि दवाखाना सुनेने एकटीने चालवायचा. तिला ते नको आहे. म्हणते, "तुम्ही नसलात तर मी भांडू कुणाशी?"

५ फेब्रुवारी

आज परीक्षेचा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या बाईंनी माझा पालक मारला. नातीच्या वयाच्या असतील, पण पडद्यावरून बोलतात अगदी हेडबाईंसारख्या.

"पालक ज्याच्या नित्य पानात, लाली त्याच्या दिसे गालात!" ही माझी ओळ दवाखान्याच्या भिंतीवर आहे. पेशंटांची नातवंडं ती चालीत म्हणतात. आणि बाई सांगतात, पालकातलं लोह अंगाला फार थोडं लागतं, जोडीला आंबट काहीतरी हवं! दुपारभर खिन्न होऊन बसलो.

संध्याकाळी नवी ओळ जुळली —

नुसता पालक जातो वाया,
लिंबू घाला लोह मिळाया!

मिळाया! केवढा गोड शब्द. एकदम कवितेचा तास आठवला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारी खडूची पूड, हाताची घडी घालून उभे आम्ही सगळे, आणि एका सुरात म्हटलेली ओळ — अर्थ कळायच्या आधीच पाठ झालेली...

"कविराज, चहा निवला," ही म्हणाली.

७ फेब्रुवारी

पालक पास, मी अजून नापास. लेखी जमतंय, घोडं अडतंय तोंडीत.

पेशंटशी कसं बोलायचं, ते करून दाखवायचं असतं. नवी रीत अशी, की सल्लागाराने कमी बोलायचं. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. गप्प! मी! बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही समोरच्याचं वाक्य पुरं होऊच देत नाही."

मागे भाजी निवडत बसलेली ही मोठ्यांदा म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या माहेरच्या का हो?"

सगळा वर्ग खो खो हसला. आवाज बंद करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही.

८ फेब्रुवारी

सुनेने युक्ती काढली — सरावाला पेशंट म्हणून आई! मी प्रश्न विचारायचा, हिने पेशंटचं सोंग घ्यायचं. माझ्या ऐकण्याला हिने गुण द्यायचे, हिच्या अभिनयाला मी. दोघांना दहापैकी.

"सांगा, काय त्रास होतोय?" मी विचारलं.

"नवरा कविता म्हणतो."

अभिनयाला चार. सून हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

११ फेब्रुवारी

आज मात्र हिने कमाल केली! पदर सावरून समोर बसली आणि म्हणाली, "जिना चढताना धाप लागते हो. मध्येच थांबते. कुणी आलंच वरून, तर वाकून चप्पल नीट करतेय असं दाखवते."

चप्पल! असा बारकावा सुचतो कसा! शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकात कामं करायची म्हणे, ते रक्तातून जात नाही. मी तिथल्या तिथे आठ गुण दिले. मला सहा मिळाले. "तोंड बंद होतं, पण ओठ हलत होते. आत कविता चालू होती," असा शेरा.

१४ फेब्रुवारी

आज दहापैकी दहा!

"बर्फ खावासा वाटतो. हसू नका. सारखा वाटतो," असं म्हणत हिने फ्रीजमधून खरंच बर्फाचा तुकडा आणला आणि कडाकडा चावून दाखवला. या थंडीत! लक्षण माझ्याच पुस्तकातून उचललंय, हे मी लगेच ओळखलं. पण त्या आवाजाने मी जो निघालो, तो थेट शाळेच्या फाटकापाशी. रंगीत बर्फ विकणारा म्हातारा, लाल झालेल्या जिभा एकमेकांना दाखवणारे आम्ही...

"अहो, पेशंट बोलतोय. तुम्ही कुठे गेलात?"

मला तीन. रागावली की काय? छे, भूमिकेत शिरली होती.

१७ फेब्रुवारी

सरबत कोमट प्यावं लागलं. बर्फाचा ट्रे रिकामा! कोण संपवतं कोण जाणे.

२० फेब्रुवारी

पास झालो. पण ते कसं, हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

तोंडीला पेशंट म्हणून परीक्षकांनी एक बाई बसवल्या होत्या. मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "धाप लागते. आणि हसू नका, पण बर्फ खावासा वाटतो."

उत्तर जिभेवर होतं — लोह कमी असेल, आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. लिंबाची ओळही तयार होती. तोंड उघडलं, आणि मला चप्पल दिसली. हिची, जिन्यावरची. मग रिकामा ट्रे.

तोंडून शब्द फुटेना. समोरच्या बाई बोलत राहिल्या, मी नुसता बघत राहिलो. शेवटी कसंबसं उत्तर दिलं. परीक्षक म्हणाले, "वा! इतकं शांतपणे ऐकणारे आज तुम्हीच पहिले."

शाबासकी घ्यायला थांबलो नाही. घरी आलो, हिला तशीच उठवली आणि डॉक्टरांकडे नेलं. जिन्यावर ही थांबली. मीही थांबलो. या वेळी तिने चप्पल नीट केली नाही.

२२ फेब्रुवारी

रक्ताचा अहवाल आला. लोह फारच कमी. डॉक्टर म्हणाले, "गुडघेदुखीसाठी या ज्या गोळ्या घेतात, त्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात असावं. तपासू. पण वेळेत आलात, भरून निघेल सगळं." माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, मला सरळ सांगायचं नाही का?"

"सांगत होते की," ही म्हणाली. "तुम्ही गुण देत होतात."