मी इथे रोज पडतो

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात, भावजींचा खोकला कुठवर आला, आणि जिन्यातला दिवा लावून घेतलात की अजून चाचपडतच चढता, ते सगळं सविस्तर लिही. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.) तुझी लेकही ठीक आहे. जेवते, पण जेवताना ताटाकडे बघत नाही, तेव्हा आपण काय खाल्लं ते तिला मागाहून मीच सांगतो. तू मला इथे तिच्याकडे लक्ष द्यायला पाठवलंस आणि ते मी देतोच आहे. पण परवा तुझा फोन वाजला आणि कोण कुठली बाई तुला म्हणाली की तुमचा भाऊ पडला आहे, त्याचा खुलासा करणं भाग आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

ती बाई म्हणजे बाई नव्हे, काठी. तुझी लेक काय धंदा करते असं कुणी विचारलं की तू ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणून पाणी आणायला आत जातेस, म्हणून नीट सांगतो. ती म्हाताऱ्यांसाठी काठ्या करते. हातातल्या काठीसकट माणूस पडलं, की काठी आपण होऊन घरच्यांना फोन लावते. कचेरी म्हणजे एका धोबीखान्याच्या वरची खोली. खालच्या यंत्रांमुळे जमीन कायम कोमट, खिडक्यांवर वाफ, आणि येणाऱ्याला साबणाचा इतका वास येतो की तो आधी स्वतःचे हात हुंगून बघतो. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर काठ्या, आणि मधोमध एक जाड गादी. ती गादी माझी. आता काठी म्हटलं की ती हातातून निसटते, दाराला टेकवली की घसरते; तेवढ्यासाठी ती फोन करत सुटली तर लोक तिची चुलीत रवानगी करतील. खरं पडणं कसं असतं हे तिला शिकवायला कुणीतरी पडायला हवं. भाची स्वतः पडून बघायची, पण तरुण माणसं पडतात म्हणजे काय, उडी मारतात. म्हातारं माणूस पडण्याआधी घाबरतं, अक्का. काठी आवळून धरतं, मग नको तिथे सोडतं. मी आल्या आल्या एकदा सहज पडून दाखवलं, तर पोरगी म्हणाली, मामा, पुन्हा करा. जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. (तू म्हणायचीस, पण हातात लाटणं असायचं.) तेव्हापासून मी रोज पडतो. भित्रा भित्रा म्हणून घरादारानं हिणवलं, पण शेवटी ती भीतीच कामाला आली.

आता भीतीचंच सांगतो. इथला कायदा असा, की बाहेरून आलेल्या माणसाने धंदा काढला तर कुणी अडवत नाही, पण आपल्याच धंद्यात काम करायला मात्र परवाना लागतो. म्हणजे दुकान तुझं, पण गल्ल्यावर बसलीस तर गुन्हा. शिक्षणाच्या नावावर तिला राहायची जी मुदत मिळाली होती ती संपत आली. परवाना आला तर धंदा वाढेल, चार माणसं कामाला लागतील. नाही आला, तर काठ्या खुंटीला आणि पोरगी परत तुझ्या दारात. तशी ती परत आली तर तुला आनंदच होईल, मला ठाऊक आहे, पण ती कशी येईल ते मी इथे रोज बघतो आहे, आणि तशी ती यायला नको.

परवान्याच्या कामात तिला मदत करणारी एक बाई आहे. मी तिला धीरबाई म्हणतो, कारण तिचं प्रत्येक बोलणं ‘धीर धरा’ने सुरू होतं आणि ते ऐकलं की असलेला धीर सुटतो. तीही बाहेरचीच. एके काळी तिचा स्वतःचा धंदा परवान्यापायी बुडाला, तेव्हापासून आपल्यासारख्या परक्या उद्योगी पोरांचे अर्ज मार्गी लावण्याचं व्रत घेतल्यासारखी ती राबते. तिने सांगितलं, एक साहेब कचेरी बघायला येईल, केव्हा ते सांगणार नाही. त्याला बघायचं असतं की धंदा खरा आहे की नुसती पाटी. मग तिने स्वतः साहेब होऊन आमची रंगीत तालीम घेतली. मला म्हणाली, मामा, तुम्ही इथे काय करता? मी म्हणालो, भाचीला सांभाळतो, आणि रोज पडतो. बाई खुर्चीत बसली ती उठेचना. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने इथे काम करायचं नसतं म्हणे. आता पडणं हे काम आहे का, यावर तिने दोघा-तिघांना फोन केले आणि कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. शेवटी ठरलं, की साहेब येऊन जाईपर्यंत मामांनी पडायचं नाही. शक्यतो कचेरीतच यायचं नाही. आलेच तर बोलायचं नाही.

अक्का, त्या दिवसापासून मी घरात कपबशी विसळायची तरी दार लावून घेत होतो. कोण जाणे, तेही काम धरतील. समोरचा पोस्टमन दिसला तरी हात मागे बांधून पाहुण्यासारखा उभा राहायचो. पण परवा डबा द्यायला कचेरीत गेलो, तर भाची सकाळपासून काठीपुढे डोकं धरून बसलेली. नवी काठी माणूस पडलं तरी ढिम्म होती, खाली बसलं तरी बोंबलत होती. म्हणाली, मामा, तुम्ही एकदाच पडला असता तर कळलं असतं, पण नको. ते ‘पण नको’ मला ऐकवेना. म्हटलं, एकदा पडल्याने काय आभाळ कोसळतंय. उभा राहिलो, काठी आवळली, मनापासून घाबरलो आणि पडलो. आणि दार उघडलं.

साहेब उंच, किडकिडीत, ओला कोट हातावर घेतलेला. त्याने समोर बघितलं काय, तर एक म्हातारा धाडकन पडतो आहे आणि त्याची भाची टाळ्या वाजवते आहे. (काठी वाजली ना, म्हणून.) बिचारा कोट टाकून धावला, गुडघे टेकले, माझ्या बगलेत हात घातले. आता, इथली भाषा मी खोक्यांवरच्या सूचना वाचून शिकलो, त्यामुळे मला विनंती करता येत नाही, नुसता हुकूम देता येतो. मी ओरडलो, ही बाजू वर ठेवा. त्याने ठेवली. मग मी म्हणालो, ओलाव्यापासून दूर ठेवा. तोवर तुझा फोन आला.

तू काय बोललीस ते तुला आठवत असेल, नसेल तर बरंच आहे. खोलीभर ऐकू गेलं. ‘मेल्या, तुला मी तिथे पडायला पाठवलंय का? पोरीकडे बघायला पाठवलं तर पोरीलाच तुझ्याकडे बघायला लावतोस? लागलंय का कुठे? बोल की, दातखीळ बसली?’ साहेबाने विचारलं, या कोण आणि काय म्हणतात? पोरगी लाल झाली, पण तिने शब्दन्‌शब्द उलगडून सांगितला. (‘मेल्या’पाशी जरा अडखळली.) साहेब काठीकडे बघतो, फोनकडे बघतो. समुद्रापलीकडची बहीण इतक्या लवकर इतकी संतापली, ही त्या काठीची याहून मोठी परीक्षा मलाही सुचली नसती.

इथे मी गप्प बसलो असतो तर आजचं पत्र सुखाचं झालं असतं. साहेबाने मला हळू आवाजात विचारलं, आजोबा, तुम्ही इथे वरचेवर पडता का? आणि अक्का, माझ्यातला तो मेला अभिमान उसळून आला. मी म्हणालो, रोज. म्हणालो, मी नसतो तर इथे कुणी पडलंच नसतं. म्हणालो, या कचेरीत माझ्यावाचून काठी हलत नाही. नेमकी तेव्हाच धीरबाई जिना चढून दारात आली आणि तिने चौकटीला धरलं. साहेबाने भाचीला विचारलं, यांना पगार देता? ती म्हणाली, नाही, ते माझे मामा आहेत. मी नको म्हटलं होतं, माझी अडचण बघवली नाही म्हणून पडले. परवाना मिळाला तर या कामाला इथलीच माणसं नेमीन. यांना आणखी पाडायचं मलाही बरं वाटत नाही. साहेबाने कोट उचलला, झटकला, मला दोन्ही बाजूंनी एकदा नीट बघून घेतलं आणि गेला.

तेव्हापासून घरात कुणी मला एक शब्द बोललेलं नाही, आणि तेच भयंकर आहे. पोरगी मुकाट्याने माझ्या पानात वाढते. अक्का, माझ्या एका बढाईपायी तिची वर्षं पाण्यात गेली तर मी तुला तोंड कसं दाखवू? धोबीखान्यातलं यंत्र थांबलं तरी मला वाटतं, मला न्यायला आले. भावजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट डकवायच्या आत धीरबाई आली. जिना धावत चढली आणि पहिल्यांदाच धीर धरा म्हणाली नाही, नुसती खाली बसून रडली. परवाना मिळाला. वर अट अशी, की पाहुण्या मामांनी कचेरीत पडायचं नाही, त्या कामाला पगारी माणूस ठेवायचा. या गडबडीत पाकीट आठवडाभर तसंच राहिलं. माझ्या जागी आलेला गडी पूर्वी सर्कशीत होता. पडतो सुरेख, पण घाबरायला त्याला शिकवावं लागतं. मी दारातून बघतो. बोलत नाही.

ता. क. दुसरा. आता खरं काम. काल मी न्हाणीघरात पडलो. खराखुरा. काठी बाहेर खुंटीला होती, कारण आंघोळीला काठी कोण नेतं? बराच वेळ ओल्या फरशीवर पडून होतो आणि कुठेही काहीही वाजलं नाही. एवढ्या वेळा पडलो, पण कुणी येणार नाही अशा भीतीने कधी पडलो नव्हतो. गुडघा सुजला आहे, बाकी शाबूत. हे पोरीला कळायलाच हवं, नाहीतर उद्या या काठ्या घरोघर जातील आणि म्हातारे न्हाणीघरात पडतील. पण मी सांगितलं तर ती काम टाकून माझ्यापाशी बसेल. तेव्हा एवढं कर, न्हाणीघरात तू पडलीस असं तिला कळव. फार लागलं नाही असंही म्हण. तू पडलीस तर तिला काळजी वाटेल, पण आश्चर्य वाटणार नाही.

ता. क. तिसरा. वरचं काही करू नकोस. मी लंगडतो हे तिने बघितलं आणि सगळं काढून घेतलं. आता न्हाणीघरातसुद्धा वागवता येईल असं काहीतरी ती माझ्या मनगटाला बांधून गेली आहे. ते अजून नवशिकं आहे, साबण घेतला तरी घाबरतं. म्हणून, सकाळी तुझा फोन वाजला तर मी आंघोळ करतो आहे असं समज. पण तरी उचल.