‘सफवान’ जहाजावरील जागा रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
रास मिल्ह बंदर, सुएझचे आखात

विषय : ‘सफवान’ जहाजावरील राखणदाराच्या जागी कोणासही न नेमणेबाबत
संदर्भ : ‘चला समुद्राकडे’ मोहिमेनिमित्त आलेले आपले अभिनंदनपत्र

महोदय,

मी, फिक्री अब्दुल-मुईन शलबी, ‘सफवान’ या मालवाहू जहाजाचा मुख्य अधिकारी, दोन वर्षांपासून येथे नांगरावर एकटाच आहे, ही बाब प्रथम नमूद करतो. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले व न्यायालयाने ते जप्त केले. जप्तीचा कागद घेऊन बेलीफ आले तेव्हा कप्तान किनाऱ्यावर होते. आलेल्या पाहुण्याला ताटकळत ठेवणे आमच्यात बसत नाही. मी चहा केला. "नुसती पोच आहे हो फिक्रीसाहेब, करून टाका सही," असे बेलीफ म्हणाले, आणि मी केली. त्या सहीने मी जहाजाचा कायदेशीर राखणदार झालो. बाकीचे खलाशी घरी गेले, मला मात्र जहाज सोडण्यास मनाई आहे.

२. सुटकेसाठी मी वेळोवेळी अर्ज केले. ‘तुमच्या जागी पात्र अधिकारी स्वखुशीने आल्यास विचार करू,’ हे आपले ठरलेले उत्तर. स्वखुशीने येथे येईल असा वेडा मला अद्याप सापडलेला नाही.

३. दरम्यान सागरी विद्यालयाची मुले समुद्रावर जाण्यास तयार होईनात. ज्याला त्याला किनाऱ्यावरची खुर्ची हवी. म्हणून आपण मोहीम काढलीत. दर गुरुवारी त्यांची होडी माझ्या जहाजाभोवती फिरवली जाते. मी पांढरा गणवेश चढवून कठड्याशी उभा राहतो, हात हलवतो, आणि "समुद्रासारखे दुसरे घर नाही" हे आपण पाठवलेले वाक्य कर्ण्यातून वाचतो. जहाजावर वीज नाही. गणवेश खाऱ्या पाण्यात धुतलेला असल्याने अंग खाजते, परंतु आदेशानुसार मी खाजवत नाही. मुले ओरडतात, "काका, एवढं छान घर आहे, तर भाडं किती?" मलाही हसू येते.

४. त्या होडीत शेवटच्या वर्षाला असलेली माझी मुलगी रीहामही असते. ती हसत नाही. मागे एकदा ती उभी राहून ओरडली, "बाबा, जेवलात का?" मी कर्ण्यातूनच "हो" म्हणालो. मला शिधा आणून देणारा होडीवाला वाऱ्यामुळे आलेला नव्हता, आदल्या दिवसापासून पोटात फक्त चहा होता.

५. आता आपले पत्र आले. मोहीम फळाला आली असून एका विद्यार्थिनीने परीक्षा होताच समुद्रावर जाण्याचा अर्ज केला, शिवाय जहाजही स्वतःच निवडले, असे आपण आनंदाने कळवले आहे. जहाज ‘सफवान’. पद राखणदाराचे. विद्यार्थिनी रीहाम फिक्री. होडीवाला किनाऱ्यावरून चार्ज करून आणतो त्या फोनवरून मी बायकोला जाब विचारला. ती रडत म्हणाली, "अहो, सांगून सांगून जीभ झिजली माझी. म्हणते, बाबांना उतरवायचं तर कुणीतरी चढायलाच हवं. तुमचीच लेक, ऐकतेय कुणाचं!"

६. महोदय, मला घरी जायचे आहे. फार जायचे आहे. पण आपल्या नियमाने माझी सुटका म्हणजे तिची कैद होते. सबब सुटकेसाठी केलेले माझे सर्व अर्ज मी याद्वारे मागे घेत आहे. ‘सफवान’वर जागा रिकामी नाही. मी येथे स्वखुशीने राहत आहे, अशी नोंद व्हावी.

आपल्या बंदरात मुक्काम कायम असलेला,
आपला नम्र,
(सही)
फिक्री अब्दुल-मुईन शलबी
दि. ९ मार्च