न भेटण्यासाठी केलेला प्रवास

३ ऑक्टोबर
तळ्याकाठच्या गावी पोचलो. धाकटा भाऊ इथेच राहतो. आमचं चष्म्याचं दुकान माझ्या गळ्यात टाकून, मला एका शब्दाने न विचारता, सफरचंदाची बाग घेऊन बसलाय. तेव्हापासून अबोला. सूड पक्का ठरलाय: इथे यायचं, सगळं गाव पाहायचं आणि त्याला न भेटता परत जायचं. झुरू दे.
बायको फोनवर म्हणाली, न भेटायचंच होतं तर ते घरी बसूनही जमलं असतं की. तिला सूडातलं काही कळत नाही.

४ ऑक्टोबर, सकाळ
अडचण. मी आलोय हे कळल्याशिवाय तो झुरणार कसा? लॉजच्या मालकिणीला नाव, गाव, दुकान पुन्हा सांगितलं. म्हणाली, लिहिलंय हो काका.

संध्याकाळ
हेरिटेज वॉक. जुना धक्का, दगडी जकातनाका, मोडकी पवनचक्की. प्रत्येक ठिकाणी गाइडला मोठ्या आवाजात शंका विचारल्या. गावभर ऐकू गेलं असणार. येताना त्याच्या फाटकावरून गेलो. सहज. चार वेळा. बागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फळं चांगली धरलीत.

५ ऑक्टोबर
नाव केली. बागेच्या मागच्या काठाशी आल्यावर लाल स्वेटरमध्ये ताठ उभा राहिलो. नावाडी ओरडला, बसा हो, तुम्ही बुडालात तर निस्तरायचं मला! बसलो. घाबरून नव्हे. काठावर तो पाठमोरा होता. वळला नाही. आडमुठा मेला.

६ ऑक्टोबर
दिवसभर लॉजच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. तो आला तर ओळख दाखवायची नाही. आलाच नाही! सख्खा भाऊ गावात आणि साधी विचारपूस नाही. हे मी जन्मात विसरणार नाही. उद्या परत. विजय माझाच.

७ ऑक्टोबर
बसला वेळ होता. बागेत गेलो, फळं घ्यायला. गिऱ्हाईक कुठेही जाऊ शकतं. काउंटरवर भावाची बायको. म्हणाली, आलात दादा? तुम्ही बसमधून उतरलात तेव्हाच ह्यांनी पाहिलं. मी बोलवायला निघाले, तर म्हणाले, नको, त्याचा राग त्याला पुरा करू दे, नाहीतर अर्धा घेऊन येईल.
एकेक फळ पारखून निवडत बसलो. 
बस गेली. सामान त्यानेच लॉजवरून आणलं. माडीवरची खोली दिलीय. अबोला मात्र मोडलेला नाही. जेवताना म्हणाला, दादा, उद्या फळं उतरवायला येशील ना? मी नुसती मान डोलावली.